फ्लेक्सवरचा चेहरा

क्लासच्या सरांनी फ्लेक्सवरचा जेबाचा चेहरा भर चौकात ब्लेडनं कापून नेला. नेटवर्किंगची लेखी परीक्षा ती पास झाल्यावर त्यांनीच फ्लेक्स लावला होता, पण प्रॅक्टिकलला ती नापास झाली. "नापास पोरीले पाहून ॲडमिशन कोण घेईन?" ते म्हणाले. भोक पडलेला तो फ्लेक्स जेबानं मागून घेतला आणि घरी राऊटरच्या टेबलासमोर टांगला. पुढं आणखी दोनदा नापास झाली. "अब बस कर," अम्मी म्हणायची. "सर को दरवाजे पे लाऊंगी, फिर बस," म्हणत जेबा पुन्हा वायरी जोडायची. यंदा पास झाली. दुसऱ्याच दिवशी सर पेढे घेऊन दारात. "अख्ख्या अकोल्यात तुहे फ्लेक्स लावतो, बेटा. फोटो दे." जेबानं भिंतीवरचा फ्लेक्स काढून त्यांच्या हातात ठेवला. "फोटो तं तुमच्याजवळच हाये, सर. तुमीच तं कापून नेला."