भूप की देशकार

आपल्या आईच्या जात्यावरच्या भीमाच्या ओव्या मोबाईलवर रेकॉर्ड करायला निवृत्ती सर युसूफ वडगाव या आपल्या गावी घरी आले, तेही कॉलेजातल्या ज्योत्स्ना मॅडमना घेऊन. दोघंही संगीत शिकवणारे. आईनं पहिली ओळ म्हटली मात्र, मॅडम म्हणाल्या, "हा तर भूप राग!"

"छे हो, देशकार. धैवताचा सूर ऐका की जरा!" सर म्हणाले.

वाद असा पेटला की चहा निवला, आणि परतताना एसटीतही तो मिटला नाही.

आई वारल्यावर सरांनी ते रेकॉर्डिंग लावलं. ओवीची एक ओळ, आणि पुढं नुसते दोघांचे चढलेले आवाज. त्यांच्याखाली कुठंतरी आई हळूच म्हणाली होती,

"तुमचं झालं की सांगा बाबा, मंग फुडची म्हनते मी."