ओटोच्या मुली

टोपावरचं झाकण खडखडलं आणि स्वयंपाकघरातली शांतता मोडली. मैथिली दचकली. दूध उतू जायच्या आत तिने टोप बाजूला ओढला आणि पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. साडेआठ. गुरांचा व्यापारी दहाला येणार होता. ओटोला न्यायचं की तिन्ही कालवडींना, एवढंच त्याला सांगायचं होतं. पंधरा दिवस तिला ते सांगता आलं नव्हतं.

दोन्ही ठेवणं शक्य नव्हतं. ओटो कळपातला वळू. कालवडी त्याच्याच. हिवाळाभर त्या वेगळ्या गोठ्यात होत्या. आता एप्रिल आला, गवत वर आलं, आणि कुरण एकच. त्यात दोघी कालपासून माजावर आलेल्या. बाप आणि मुली एका कुंपणात सोडता येत नाहीत. ओटो गेला तर त्सेले गावाजवळच्या एका कळपात जाणार होता. तिथे त्याची कुणी मुलगी नव्हती. कालवडी गेल्या तर सरळ खाटकाकडे.

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगपासून वीस मिनिटांवरचं शेत. चौदा गाई, मांसासाठी पाळलेल्या. साताऱ्यातल्या आईला मात्र मैथिलीने त्या दुधाच्या म्हणून सांगितल्या होत्या. एकेक किती देते गं, आई फोनवर विचारायची. पुरतं, मैथिली म्हणायची. नवऱ्याबद्दलही तिने असंच एक पुरणारं उत्तर तयार ठेवलं होतं. येन्सचा हॅम्बर्गला प्रोजेक्ट आहे, लांबलाय. आईला तेच आणि सहा वर्षांच्या शुभालाही तेच. प्रोजेक्ट सात महिने लांबला होता. त्या प्रोजेक्टचं नाव उल्रिके होतं; येन्स आता तिच्याच घरी राहत होता.

ओटोला येन्सने आणलं होतं. शुभा तेव्हा दोन वर्षांची, लिलावात त्याच्या खांद्यावर झोपलेली. हात वर केला तर ती उठेल, म्हणून त्याने सगळी बोली नुसत्या भुवईने लावली. घरी येऊन तीच भुवई उडवत त्याने सगळ्यांना हसवलं होतं. ओटो गोठ्यात आहे तोवर येन्सचं काहीतरी अजून इथे आहे, असं मैथिलीला वाटायचं. वाटलं की ती स्वतःवरच चिडायची आणि उगाच भांडी घासायला घ्यायची.

आताही ती धुतलेला कप पुन्हा धूत होती. तेवढ्यात ऑपा आत आले. येन्सचे वडील. बूट दाराबाहेर काढलेले, मोज्याच्या भोकातून अंगठा बाहेर. टेबलावर वळूंचा कॅटलॉग उघडा होता. त्यांनी चष्मा लावला. तिने एका फोटोभोवती पेन्सिलीने गोल केला होता. हा तर किरकोळ दिसतो, शेजारचा बघ केवढा भरलाय, असं ते म्हणाले. याची वासरं जन्मताना लहान असतात, तिने सांगितलं. तिघी पहिलटकरणी आहेत. शुभाच्या वेळी ती स्वतः सव्वीस तास अडली होती. तेव्हा येन्सने तिचा हात एकदाही सोडला नव्हता. हे ती बोलली नाही. ऑपा मान डोलावत म्हणाले, गेनाऊ, अगदी बरोबर. मग त्यांनी चष्मा काढला.

"नवा निवडून ठेवलास. जुना सोडवत नाहीये."

मैथिलीने कप पुन्हा नळाखाली धरला.

"तो माझा मुलगा आहे, तरी सांगतो," ऑपा म्हणाले. "वळू कुणी आणला ते नको बघूस. कालवडी कुणी वाढवल्या ते बघ."

कालवडी तिने वाढवल्या होत्या. धाकटीची आई वेताच्या वेळीच गेली, तेव्हा याच टेबलाशी उभं राहून तिने बाटल्या भरल्या होत्या. एक शुभाची बालवाडीत न्यायची दुधाची, एक वासराची. कधीकधी अदलाबदल व्हायची. दोघींचंही काही बिघडलं नाही.

तिने कप उपडा ठेवला आणि व्यापाऱ्याला फोन केला. ओटोला न्या, म्हणाली.

दहाला गाडी आली. ओटो अडला नाही. मैथिली पावाचे तुकडे दाखवत पुढे चालली आणि तो तिच्या मागोमाग फळीवरून चढला. तिचा तळवा चाटून पुसून स्वच्छ केला. तिने त्याच्या कपाळावर दोन बोटं टेकली आणि पटकन उतरली.

ईस्टरची सुट्टी होती. शुभा नाइटड्रेसवर गमबूट घालून फाटकावर चढून बसली होती. मैथिली तिच्याशी मराठीत बोलायची, ती उत्तर जर्मनमध्ये द्यायची. त्यांचं तसंच होतं. गाडी रस्त्याला लागल्यावर तिने विचारलं, ओटोला का पाठवलं? तो वाईट वागला का?

मैथिलीला हायसं वाटलं. कितीतरी दिवसांनी तिच्याजवळ लेकीला द्यायला एक खरं उत्तर होतं.

"नाही गं बाळा. त्याच्या मुली मोठ्या झाल्या ना. मुली मोठ्या झाल्या की वळूला दुसरीकडे जावंच लागतं."

सगळ्याच वळूंना?

"सगळ्याच. तसा नियमच आहे."

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. गोठ्यातून एक कालवड हंबरली. शुभाने आपले दोन्ही गमबूट जरा वेळ निरखून पाहिले आणि मग मराठीत, एकेक शब्द नीट जुळवत, विचारलं,

"पण मी तर अजून लहान आहे. मग पपा का गेला?"