वानरं कुणाकडे बघतात

अंगणात वाळत घातलेले फणसाचे पापड राखायला शेवंती काठी घेऊन बसली होती. दुपारी वानरं आली, पण आज एकही खाली उतरलं नाही. आंब्याच्या शेंड्यावर बसून ती खाकरल्यासारखी ओरडत होती. तिने काठी आपटली, तरी तिच्याकडे कुणी बघेना. सगळ्यांची तोंडं मागच्या परसाकडे होती.

परसात सासरे सुपारी सोलत बसले होते. ते ठार बहिरे, हाक मारून उपयोग नव्हता. ती घरातून धावत मागे गेली. लाकडांच्या ढिगाआड ठिपक्यांचं अंग हललं. तिने सासऱ्यांना दंडाला धरून ओढतच आत आणलं आणि कडी घातली.

"काय झाला गो तुका?" ते चिडले.

तेवढ्यात वानरांचा कालवा अंगणाच्या बाजूला सरकला. पुढचं दार उघडंच राहिलं होतं. ती धावली, दार लोटून तिने अडसर सरकवला आणि पाठ लावून उभी राहिली. फळीपलीकडे काहीतरी हुंगत होतं.

सासरे मागोमाग आले. दाराला चिकटलेल्या सुनेकडे बघत राहिले.

"कोण इला गो?" त्यांनी नेहमीसारखं मोठ्याने विचारलं.

बाहेरचं हुंगणं थांबलं.