जवारीची खूण

यंत्राचा काटा लाल खुणेवर येऊन थांबला होता, आणि अर्जुनरावांनी पुन्हा कानस उचलली.

'आबा, बास' हे शब्द त्यांच्या मुलाच्या, सयाजीच्या, ओठांवर आले. पण तंबोऱ्याची जवारी काढताना, म्हणजे तारांखालची घोडी घासून सुरात झणझणती झार आणताना, घरात कुणी बोलायचे नाही, हा मिरजेच्या कारागिरांचा रिवाज कासारवाडीच्या या दोन खोल्यांतही पाळला जात होता. अर्जुनरावांनी घोडीवर कानस फिरवली, घोडी तारांखाली सरकवली, तंबोरा छेडला. काटा खाली घसरला. त्यांनी मान वर करून समोरच्या रिकाम्या उंबऱ्याकडे पाहिले आणि पुन्हा कानस उचलली.

सयाजीने यंत्र बंद केले. काचेच्या व्हॉल्व्हमधला तांबूस उजेड हळूहळू विझला.

"पुन्हा चुकलं," तो म्हणाला. "यंत्रच खोटं बोलतंय. तुमचा कान काही खोटा नाही."

सयाजी पिंपरीच्या कारखान्यात वायरमन होता. मोडीत निघालेल्या रेडिओचे भाग आणून, महिनोन्महिने शिफ्ट सांभाळून, त्याने हे यंत्र बांधले होते. ग्रामोफोनची सुई धरणारी डबी तंबोऱ्याच्या तबलीला, भोपळ्यावरच्या लाकडी पाटीला, टेकवायची. तारेचा जाड आवाज यंत्र गाळून टाकी. वरची बारीक झार, जिच्यासाठी गवई जीव टाकतात, तेवढीच काट्यापर्यंत पोचे. आई असताना आबांनी बनवलेला शेवटचा तंबोरा छेडून, काटा जिथे गेला तिथे त्याने काचेवर खूण केली होती. घरात रंग नव्हता. आईच्या करंड्यात कुंकू शिल्लक होते, ते मेणात कालवून लावले.

त्याला आणि बहीण कुसुमला जवारीतले काही कळत नसे. म्हणूनच आबांनी कानाने जवारी काढायची आणि काटा त्याच वेळी खुणेवर यायचा, अशी परीक्षा त्याने ठेवली होती. ती जमली, तर मिरजेचे चार कारागीर यंत्र घ्यायला तयार होते. नाही जमली, तर आबा सोमवारपासून कारखान्याच्या ठेकेदाराकडे खोकी ठोकायला जाणार होते. बायको, मंजुळाबाई, गेल्यापासून त्यांना एकही जवारी साधली नव्हती. लोक म्हणत, दुःखाने हात गेला.

"खोक्यांना जवारी लागत न्हाई," अर्जुनराव म्हणाले. "बरंय की. चार खिळे मारले, की झालं."

"आबा, आज एकदा. शेवटचं."

"तुझं शेवटचं दसऱ्यापासनं चाललंय."

पण त्यांनी नवी घोडी घेतली. सयाजीने यंत्र चालू करून पुन्हा आपल्याकडेच वळवले, आबांना काटा दिसू नये म्हणून.

कुसुम आईच्या वर्षश्राद्धाला सासरहून, मोशीहून, आली होती आणि अजून परतली नव्हती. रात्रीच्या भाताचे तांदूळ निवडायचे होते. आत अंधार होता, म्हणून ती सूप घेऊन मधल्या उंबऱ्यावर बसली. आईची हीच जागा. आबांचे गुरू म्हणजे आईचे वडील. तिचे बालपण कानशीच्या आवाजात गेलेले. जवारी सुरू झाली की आईचा सुपातला हात थांबे. काम संपेपर्यंत ती दगडासारखी बसे, मग हात पुन्हा चालू लागे. शेजारच्या शालनबाई म्हणत, "नवऱ्याच्या कामाचा मान ठेवावा तर मंजुळाबाईंनी."

तंबोरा छेडला गेला. कुसुमचाही हात थांबला. कानस, तारा, पुन्हा कानस. दर वेळी छेडून झाले की आबा मान वर करत आणि तिच्याकडे बघत. ती अवघडली. आपल्या बसण्यात काही चुकते आहे का, ते तिला कळेना. दिवसभराच्या कामाने पाठ भरून आली होती. सुपात एक खडा दिसला. तिने तो नकळत उचलला.

"झालं!" अर्जुनराव म्हणाले आणि कानस खाली ठेवली.

सयाजीने काट्याकडे पाहिले. काटा अर्ध्यावरही नव्हता. त्याने डोके दोन्ही हातांत धरले. "मघाशी खूण ओलांडून गेलात, आता अर्ध्यावर झालं म्हणता. आता कुठं दुरुस्त करू मी हे?"

कुसुमने हातातल्या खड्याकडे पाहिले. मग वडिलांकडे. त्यांनी मान खाली घातली.

ती उठली. सूप आत ठेवून आली.

"सया, ते यंत्र इथं ठेव."

"उंबऱ्यावर? काटा दिसेल की त्यांना, ताई."

"दिसू दे. वायर पुरते ना? मग ठेव. तोंड आबांकडं कर."

यंत्र उंबऱ्यावर बसले. अर्जुनरावांनी तीच घोडी पुन्हा काढली, कानस लावली, तंबोरा छेडला आणि मान वर केली. काटा थोडा चढला होता. त्यांनी पुन्हा कानस उचलली. असे बराच वेळ चालले. शेवटी काटा खुणेला भिडला आणि तिथेच थरथरत राहिला. त्यांनी तंबोरा आणखी एकदा छेडला. काटा पुन्हा तिथेच आला. त्यांनी कानस पुसून पेटीत ठेवली.

सयाजी उडालाच. "जमलं! आबा, बघा की, तुमचाच कान उतरवलाय मी ह्यात!"

अर्जुनराव काचेवरच्या कुंकवाच्या खुणेकडे बघत होते.

"माझा न्हाई रं," ते म्हणाले. "तू पाळण्यात होतास तवापासनं मला ती झार ऐकू येत न्हाई."