गोजराबाईचा ओला कचरा

“मावशे, आज तरी मूठभर कचरा टाक वं माय!” घंटागाडीवरच्या सुचितानं अक्षरशः हात जोडले.

गोजराबाई तरी कचरा आणणार कुठून? गावाच्या कडेला तिचं घर, मागं मेथीचे आणि सांबाराचे, म्हणजे कोथिंबिरीचे, वाफे. भाजीचे देठ बकरी खायची, बकरीच्या लेंड्या वाफ्यात जायच्या. “टाकू तं टाकू काय? अन् माही बकरी काय खाईन?”

पण नगरपरिषदेच्या हरित शहर आराखड्यात बकरीचा रकानाच नव्हता. घर म्हटलं की रोज ओला कचरा निघालाच पाहिजे. अख्ख्या वॉर्डात हे एकच घर सुचिताच्या मोबाइलवर लाल दिसायचं. आज तपासणीचं पथक येणार होतं. वॉर्ड शंभर टक्के हिरवा झाला नाही, तर तिची नोकरी जाणार होती. घरी दोन लेकरं, आणि कमावणारी ती एकटी.

हे ऐकून म्हातारी विरघळली. तिनं भोपळ्याची सालं हिरव्या बादलीत टाकली आणि बादली दारात ठेवली.

पथक आलं तेव्हा बकरीचं तोंड बादलीत होतं आणि बादली लख्ख होती. साहेबांनी बादली पाहिली, बकरी पाहिली, मागं जाऊन वाफेही पाहिले.

“अहो, हेच तर हवंय! शून्य कचरा!” साहेब आनंदानं ओरडले. त्यांनी बकरीसोबत फोटो काढून घेतला. बकरी काही हसली नाही. “महिनाभर या घराची रोज नोंद ठेवा. कचरा शून्यच राहिला, तर घरोघरी एकेक बकरी देऊ आणि घंटागाडी कायमची बंद करू!”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुचितानंही वाजवल्या. मग साहेब काय बोलले ते तिच्या ध्यानात आलं, आणि ती गाडीकडे निघाली. गोजराबाई तिच्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी घंटा वाजली तेव्हा गोजराबाई दारातच उभी होती. हातातली बादली देठांनी, सालांनी शिगोशीग भरलेली. मागं खुंट्याला बांधलेली बकरी बोंब मारत होती.

“मावशे, हे काय? बकरीले काय झालं?”

“काई नाई झालं,” गोजराबाई बादली पुढं करत म्हणाली. “तुह्या नोकरीसाठी महिनाभर उपास धरला तिनं.”