बंद बटणाचा उजेड

बल्ब पिवळा हवा की पांढरा, असं इलेक्ट्रिकच्या दुकानातल्या मिहिरने दुसऱ्यांदा विचारलं तरी प्रियंकाचं ठरेना.

पॅसेजमध्ये लावायचाय, ती म्हणाली, आणि आबांना जुना, तारेचाच हवा.

“तो आता कोण ठेवतं, ताई? हा घ्या. नऊ वॉट, उजेड पिवळाच. आबांना कळणारसुद्धा नाही.”

तिने तो घेतला. भांडुपच्या त्या घरातले बाकी सगळे बल्ब कधीच एलईडी झाले होते. पॅसेजचा तेवढा राहिला होता. तिथे नवा बल्ब लावायला तिचे सासरे अंबादास, म्हणजे आबा, ठाम नाही म्हणत. तारेचे डझनभर बल्ब त्यांनी कपाटात जपून ठेवले होते. त्यातला शेवटचा सोमवारी उडाला.

तिनेही कधी हट्ट धरला नव्हता. अकरा वर्षांपूर्वी तिचा नवरा चैतन्य सैल झालेला होल्डर घट्ट करायला तिथेच लोखंडी स्टुलावर चढला होता. बटण बंद कर, म्हणाला. तिने केलं. निदान तिला तसं आठवत होतं. शॉक बसून चैतन्य कोसळला तो कायमचाच. तेव्हा सर्वांच्या आधी आबा धावले. मेन स्विच पाडला, आणि जमलेल्यांना सांगितलं, बटण चालूच राहिलं होतं.

त्यावर कोण काय बोलणार? आबांनी तिला शिवी दिली नाही, माहेरी धाडलं नाही. साकीनाक्याच्या कारखान्यातून निवृत्त झाले, तेव्हा आलेला पैसा तिच्याच हातात दिला. पूर्वी खिशाला पेनासारखा टेस्टर लावून फिरणारे, फ्यूज गेला की शेजाऱ्यांकडे धावणारे आबा त्या दिवसापासून बोर्डाच्या जवळ जात नसत. फक्त तिने दिवा घालवला की विचारत, “बटण बंद केलंस ना?” ती परत जाऊन हात लावून बघायची. हळूहळू तिलाही पटलं होतं, की आपणच विसरलो.

मेन पाडून तिने नवा बल्ब लावला. झकास उजेड पडला. मग बटण बंद केलं, तर तो पुरता विझेना. पॅसेजला खिडकी नव्हती. भरदुपारच्या त्या अंधारात बल्बच्या पोटात काजव्याएवढा उजेड राहिला. तिने बटण दहादा खालीवर केलं.

“काढ तो,” खाटेवरून आबा म्हणाले. “नको तिथे बल्ब. माझं काही अडत नाही.”

खराब लागला असेल म्हणून तिने दुसरा आणला. तोही तसाच. घराची वायरिंग कोणी केली होती, तिने विचारलं. बिल्डरच्या माणसाने केली असेल, मला काय ठाऊक, असं म्हणून आबा भिंतीकडे वळले.

रविवारी सकाळी आबा विहारात गेल्यावर तिने मिहिरला बोलावलं. त्याने मेन पाडला, बोर्डाचे स्क्रू काढले आणि आत बघून जीभ चावली.

“बल्ब चांगलाय, ताई. जोडणी उलटी आहे. बटण करंट आणणाऱ्या तारेवर हवं, ते न्यूट्रलवर टाकलंय. म्हणजे बटण बंद केलं तरी होल्डरमध्ये करंट असतोच. तारेच्या बल्बात हे दिसायचं नाही. एलईडी चुगली करतो.”

प्रियंका भिंतीला टेकली. “बटण बंद असतानाही माणसाला शॉक बसू शकतो?”

“बसणारच ना. नशीब, कोणी हात नाही लावला.”

तिला एकदम रडू आलं. मिहिर बावरला. दुसरीकडे बघत तो बिल्डरच्या माणसाला शिव्या घालू लागला. असल्या माणसाचं नाव तरी कळायला हवं, म्हणाला. जुने वायरमन बोर्डाच्या आतल्या अंगाला पेन्सिलीने नाव आणि तारीख घालून ठेवायचे. त्याने लाकडी झाकण उलटं केलं, फुंकर मारून धूळ उडवली आणि तिच्या हातात दिलं.

वाकडी, एकमेकांपासून लांब उभी अक्षरं. किराण्याच्या यादीत ती दर महिन्याला बघायची, तीच.

अंबादास. १४ एप्रिल १९९९.

बाहेर कडी वाजली. दारात चपला काढल्याचा आवाज आला. पॅसेजमधला अंधार पाहून आबांनी तिथूनच विचारलं, “प्रियंका, बटण बंद केलंस ना?”