पश्चिमेची खोली

आई गेल्यावर थोरल्याने नव्या घरातल्या तिच्या खोलीत आपलं कामाचं टेबल मांडलं आणि दुपार कलायच्या आत बिल्डरला फोन लावला. "अंगाची लाही लाही होतेय इथे."

बिल्डरच्या इंजिनिअरने पश्चिमेच्या भिंतीला तळहात टेकवला आणि चटकन मागे घेतला. "ऊन अडवणारा थर घालायचाच राहिलाय भिंतीत. पहिल्याच उन्हाळ्यात कळायला हवं होतं. इथे कोणी झोपत नव्हतं का?"

थोरल्याची नजर दाराबाहेरच्या पॅसेजकडे गेली. जेवणं झाली की आई अंथरूण ओढत तिथे आणायची. येता-जाता सगळे तिला ओलांडायचे.

"वाटेत काय झोपतेस," तो करवादायचा.

"इथे तुमची सोबत वाटते रे," ती म्हणायची.

"नाही," तो इंजिनिअरला म्हणाला, "खोली रिकामीच असायची."